आधी हात, मग शब्द : मारिया माँटेसरी यांचे जीवन आणि कार्य

१. प्रास्ताविक



या घटकात आपण मारिया माँटेसरी यांचे चरित्र अभ्यासणार आहोत. हे नाव तुम्हांला अपरिचित नाही. शहरांत आणि तालुक्याच्या गावीही बालवाडीच्या पाटीवर ते तुम्ही वाचले असेल. परंतु नाव इतके सार्वत्रिक झाले की त्यामागची व्यक्ती दिसेनाशी होते. माँटेसरी म्हणजे लहान मुलांच्या शाळेचा एक प्रकार, एवढेच अनेकांना ठाऊक असते. ही बाई मुळात विज्ञानाची विद्यार्थिनी होती, पुढे डॉक्टर झाली, तिच्या आयुष्यातील सात-आठ वर्षे भारतात गेली आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना विज्ञान कसे शिकवावे याविषयीच्या तिच्या विचाराला मोठे वळण मिळाले तेही भारतातच, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते.

चरित्राकडे वळण्यापूर्वी एक साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तिसरी-चौथीतील मुलाला विचारले की कोणत्या वस्तू पाण्यात बुडतात, तर ते चटकन सांगते की जड वस्तू बुडतात आणि हलक्या तरंगतात. उत्तर ठाम असते. आता त्याच मुलासमोर पाण्याचे मोठे टोपले ठेवा आणि त्याच्या हातात एक लाल भोपळा व एक लहानसा खडा द्या. भोपळा दोन्ही हातांनी उचलावा लागतो, तरी तो तरंगतो. खडा मुठीत मावतो आणि तळाशी जातो. मुलाचा चेहरा बदलतो. आपण म्हटलेले चुकले हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ते पाण्याने दाखवले आहे. यापुढे वस्तूचे वजन आणि तिने व्यापलेली जागा यांचा संबंध शोधण्याची गरज त्या मुलाला स्वतःला वाटू लागते, आणि घनता हा शब्द त्या गरजेला उत्तर म्हणून येतो. हाच शब्द भोपळ्याच्या आधी आला असता, तर तो केवळ पाठ झाला असता.

माँटेसरी यांच्या कार्याचे मर्म या छोट्या प्रसंगात आहे. वस्तू आधी हाताला भेटावी, चूक वस्तूनेच दाखवावी आणि शब्द त्यानंतर यावा, हा क्रम त्यांनी शिक्षणात आणला. तो त्यांना कसा सापडला आणि त्यासाठी त्यांना काय मोजावे लागले, हे आता पाहू.

२. घडणीची वर्षे

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियाराव्हाल्ले या लहान गावी झाला. वडील आलेस्सांद्रो माँटेसरी हे सरकारी अर्थखात्यातील अधिकारी होते. आई रेनिल्दे ही त्या काळच्या मानाने चांगली शिकलेली आणि वाचनाची आवड असलेली स्त्री होती. वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब आधी फ्लोरेन्सला आणि १८७५ मध्ये रोमला आले.

तेराव्या वर्षी मारियाने तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला. त्या काळी मुलींनी शिकायचेच झाले तर शिक्षिका व्हावे, अशी अपेक्षा असे. मारियाला गणित आवडत होते आणि इंजिनिअर व्हायचे होते. शिक्षिका व्हायचे नाही असे ठरवून निघालेल्या मुलीचे नाव पुढे जगभरच्या शिक्षकांच्या तोंडी यावे, हा तिच्या चरित्रातील एक योगायोग म्हणावा लागेल. शालेय शिक्षण संपेपर्यंत तिचे मन वैद्यकाकडे वळले. १८९० मध्ये तिने रोम विद्यापीठात निसर्गविज्ञानाच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भौतिकी, रसायन, शरीररचना हे विषय पूर्ण करून ती वैद्यक शाखेत दाखल झाली.

तेथील वर्षे सोपी नव्हती. वर्गातील पुरुष विद्यार्थ्यांसमवेत एका स्त्रीने उघड्या देहाचे विच्छेदन करणे अनुचित मानले जाई. त्यामुळे सर्वजण निघून गेल्यावर, एकटीने, मृतदेहांच्या सहवासात तिला ते काम करावे लागे. रसायनांचा उग्र वास सहन व्हावा म्हणून ती तंबाखू ओढत असे. हा तपशील आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शरीररचनेची पुस्तके तिला घरी वाचता आली असती. परंतु पुस्तकातील चित्र आणि हाताखालचा देह यांतील अंतर तिने स्वतः अनुभवले होते. १० जुलै १८९६ रोजी ती डॉक्टर झाली. इटलीतील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांमध्ये तिची गणना होते. त्याच वर्षी बर्लिन येथील स्त्रियांच्या परिषदेत इटलीची प्रतिनिधी म्हणून तिने स्त्रियांना समान वेतन मिळावे अशी मागणी मांडली.

३. ज्यांना शिकता येत नाही असे ठरले होते, ती मुले

पदवीनंतर माँटेसरी रोम विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करू लागल्या. या कामासाठी त्यांना शहरातील वेड्यांच्या इस्पितळांना भेटी द्याव्या लागत. बौद्धिक वाढ मंद असलेली मुले तेव्हा तेथेच, प्रौढ रुग्णांसोबत ठेवली जात. रिकाम्या खोलीत बसलेली ही मुले जेवणानंतर जमिनीवर सांडलेल्या पावाच्या चुऱ्याशी खेळत. देखरेख करणाऱ्यांना ती खादाड वाटत. माँटेसरी यांना मात्र वेगळे दिसले. खोलीत हाताळण्यासारखी दुसरी एकही वस्तू नव्हती. त्या मुलांचे हात काही तरी शोधत होते.

या निरीक्षणामुळे त्या इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांच्या लेखनाकडे वळल्या. जंगलात सापडलेल्या एका मुलाला शिकवण्याचा प्रयत्न इतार यांनी केला होता. त्यांचे शिष्य सेगँ यांनी मंदबुद्धी मुलांसाठी इंद्रियांना आवाहन करणारी साधने तयार केली होती. प्रत्येक शब्दावर विचार करता यावा म्हणून माँटेसरी यांनी सेगँचा ग्रंथ स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरवून काढला. वाचनाची ही रीत मराठीच्या अभ्यासकांनीही लक्षात ठेवावी. भाषांतर करताना माणूस वाक्य नुसते वाचत नाही, ते पुन्हा बांधतो. आणि बांधताना कळते ते वाचताना निसटलेले असू शकते.

१९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक संस्था सुरू झाली आणि माँटेसरी तिच्या सहसंचालक झाल्या. दिवसभर मुलांसोबत काम आणि रात्री नोंदी, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या काही विद्यार्थ्यांनी सर्वसामान्य मुलांसाठी असलेली लेखन-वाचनाची सार्वजनिक परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली. लोकांनी चमत्कार म्हणून कौतुक केले. माँटेसरी यांना त्यात वेगळाच प्रश्न दिसला. इतक्या अडचणी असलेली मुले सर्वसामान्य मुलांची बरोबरी करत असतील, तर सर्वसामान्य शाळांतील निरोगी मुलांना कोणत्या गोष्टीने मागे खेचून ठेवले आहे?

मित्रहो, परीक्षेतील निकालाकडे पाहण्याची ही दृष्टी आजही उपयुक्त आहे. निकाल चांगला लागला की आपण मुलांचे कौतुक करतो आणि वाईट लागला की त्यांना दोष देतो. माँटेसरी यांनी निकालावरून मुलांची नव्हे, शाळेची परीक्षा घेतली.

याच काळातील एक खासगी दुःख चरित्रकाराला टाळता येत नाही. ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे वडील ज्युसेप्पे मोंतेसानो हे त्यांचे सहकारी डॉक्टर होते; दोघांचा विवाह झालेला नव्हता. तेव्हाच्या समाजात अविवाहित मातेचे सार्वजनिक काम क्षणात संपले असते. बाळ मारियो याला खेड्यातील एका कुटुंबाकडे वाढवण्यास देण्यात आले. १९०१ मध्ये मोंतेसानो यांनी दुसऱ्या स्त्रीशी विवाह केला आणि माँटेसरी यांनी ती संस्था सोडली. इतरांच्या मुलांच्या बालपणाविषयी जग ज्यांचे ऐकू लागले, त्यांना स्वतःच्या मुलाचे बालपण दुरूनच पाहावे लागले. मारियो आईकडे राहायला आला तो साधारण पंधरा वर्षांचा झाल्यावर. पुढेही अनेक वर्षे आप्त किंवा दत्तक पुत्र अशीच त्याची ओळख करून दिली जात असे.

४. सान लोरेन्झोतील खोली

संस्था सोडल्यावर माँटेसरी पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. त्यांनी तत्त्वज्ञान, मानवशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांचा अभ्यास केला आणि १९०४ पासून काही वर्षे रोम विद्यापीठात शैक्षणिक मानवशास्त्राची व्याख्याने दिली. याच सुमारास रोमच्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीत एका गृहनिर्माण संस्थेने पडक्या इमारती दुरुस्त करून कुटुंबांना दिल्या होत्या. आईवडील कामावर गेले की लहान मुले दिवसभर एकटी असत आणि नव्या भिंती खराब करीत. त्यांना एका खोलीत एकत्र ठेवावे, अशी कल्पना निघाली आणि ते काम माँटेसरी यांच्याकडे आले. ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह सुरू झाले. सुमारे पन्नास मुले होती, वय तीन ते सहा-सात. शिक्षिका म्हणून नेमलेली तरुणी प्रशिक्षित नव्हती.

माँटेसरी यांनी तेथे एखाद्या शास्त्रज्ञाप्रमाणे काम केले. सिद्धान्त आधी मांडून तो मुलांवर लादण्याऐवजी त्यांनी साधने ठेवली आणि काय घडते ते पाहिले. काही अपेक्षा खोट्या ठरल्या. सुंदर खेळणी आणून ठेवली होती, तिकडे मुले फारशी वळेनात. एके दिवशी शिक्षिकेला यायला उशीर झाला आणि साधनांचे कपाट उघडेच राहिले होते. मुलांनी आपापली साधने स्वतः काढून काम सुरू केले. शिस्त बिघडली असे न म्हणता माँटेसरी यांनी उंच, कुलूपबंद कपाटांऐवजी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे करवून घेतली.

एक प्रसंग विशेष प्रसिद्ध आहे. सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातील भोकांत निरनिराळ्या आकाराचे दंडगोल बसवत होती. सगळे बसवून झाले की ती ते बाहेर काढी आणि पुन्हा बसवी. माँटेसरी यांनी मोजायला सुरुवात केली. मुलीचे लक्ष किती टिकते हे पाहण्यासाठी त्यांनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली आणि तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तिने ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालू ठेवले. चाळीसहून अधिक वेळा तीच कृती केल्यावर ती आपण होऊन थांबली. ती थकलेली नव्हती, प्रसन्न होती.

५. चूक कोणी दाखवायची?

या दंडगोलांच्या ठोकळ्याकडे जरा बारकाईने पाहू. ठोकळ्यात दहा भोके आणि दहा दंडगोल असतात. मुलाने बारीक दंडगोल रुंद भोकात टाकला तर तो आत जातो, परंतु शेवटी एक जाड दंडगोल आणि एक अरुंद भोक उरते. दोघांचे जमत नाही. काही तरी चुकले आहे हे तेथेच उघड होते, आणि चूक कोठे झाली हे शोधण्यासाठी मुलाला मागे जावे लागते. शिक्षिका एक शब्दही बोलत नाही. साधनातच चुकीचे नियंत्रण असावे, हे तत्त्व माँटेसरी यांच्या बहुतेक साधनांत आढळते.

दुसरे उदाहरण गुलाबी मनोऱ्याचे. त्यात दहा घन असतात. सर्वांत लहान घनाची बाजू १ सेंटीमीटर, सर्वांत मोठ्याची १० सेंटीमीटर. लहान घन दोन बोटांत उचलता येतो, मोठ्याला दोन्ही हात लागतात. रंग एकच, आकार एकच. बदलते ते फक्त माप. एका वेळी एकच गुण बदलायचा आणि बाकीचे स्थिर ठेवायचे, ही तर प्रयोगशाळेची रीत आहे. सर्वांत मोठा घन सर्वांत लहान घनाच्या हजारपट आहे, हे गणित मूल पुढे प्राथमिक शाळेत शिकेल. परंतु त्या हजारपटीचा भार त्याच्या हातांना आधीच ठाऊक झालेला असेल.

आता शब्दाची पाळी. सेगँकडून घेतलेली तीन टप्प्यांची रीत माँटेसरी यांनी येथे वापरली. समजा, मुलाने दोन पट्ट्या हातात घेऊन तोलल्या आहेत. पहिल्या टप्प्यात शिक्षिका एकीला जड आणि दुसरीला हलकी असे नाव देते, अधिक काही बोलत नाही. दुसऱ्या टप्प्यात ती जड पट्टी मागते, मग हलकी मागते, आणि मूल ओळखून देते. तिसऱ्या टप्प्यात ती एक पट्टी पुढे करून ही कशी आहे असे विचारते आणि मूल स्वतः शब्द उच्चारते. दुसऱ्या टप्प्यात मूल चुकले तर त्याला रागवायचे नाही. नाव देण्याची वेळ अजून आली नव्हती असे समजून थांबायचे.

भाषाविज्ञानाचा अभ्यासक म्हणून मला या रीतीचे महत्त्व फार वाटते. शब्द आणि वस्तू यांचा संबंध आपोआप जुळत नाही. मुलाने अनेक गुणांतून एक गुण आधी वेगळा काढलेला असावा लागतो, तेव्हाच त्या गुणाचे नाव त्याला चिकटते. बाष्पीभवन, संघनन, अपारदर्शक यांसारखे संस्कृतनिष्ठ शब्द आपल्या प्राथमिक पुस्तकांत येतात, तेव्हा ते अवघड वाटतात याचा दोष आपण बहुधा शब्दांना देतो. वाळत घातलेल्या ओल्या कपड्याचे पाणी कोठे गेले, हा प्रश्न ज्या मुलाने स्वतः धरून ठेवला आहे, त्याला बाष्पीभवन हा शब्द जड जात नाही. भार शब्दाचा नसतो. अनुभवावाचून आलेल्या शब्दाचा असतो.

६. प्राथमिक शाळेकडे

१९०९ मध्ये माँटेसरी यांचा पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि अल्पावधीत त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. १९१३ मध्ये अमेरिकेत त्यांचे मोठे स्वागत झाले. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग उभारण्यात आला आणि बाहेर उभे राहून लोक मुलांना काम करताना पाहू लागले.

१९१६ मध्ये प्राथमिक शाळेतील स्वयंशिक्षणावर त्यांचा ग्रंथ आला. त्यात व्याकरण, गणित, भूमिती, चित्रकला, संगीत यांचा विचार आहे. व्याकरणही त्यांनी हातात दिले. शब्दांच्या जातींसाठी रंगीत पत्त्यांच्या पेट्या होत्या. क्रियापदाचे पत्ते वाचून मुले ती क्रिया करून दाखवत, आणि नाम वस्तूकडे बोट दाखवते तर क्रियापदाला हालचाल लागते, हा फरक व्याख्येच्या आधी त्यांच्या अंगात उतरे. दशमान पद्धतीसाठी मण्यांचे साहित्य होते : सुटा मणी म्हणजे एक, दहा मण्यांची काडी, शंभर मण्यांचा चौरस आणि हजार मण्यांचा घन. हजार हा आकडा तीन शून्यांनी लिहितात एवढेच मुलाला कळत नसे. एक आणि हजार हातांत घेतले असता काय फरक पडतो, हेही कळे.

७. भारतातील वर्षे

नोव्हेंबर १९३९ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, माँटेसरी मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. थिऑसॉफिकल सोसायटीचे जॉर्ज अरुंडेल आणि रुक्मिणीदेवी यांनी त्यांना बोलावले होते. सोबत मारियो होता. पहिल्या प्रशिक्षणवर्गाला देशभरातून सुमारे तीनशे शिक्षक जमले. काही महिन्यांच्या मुक्कामाचा बेत होता. महायुद्धाने तो बदलला.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने ही मायलेकरे शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली. मारियोला अटक होऊन आपल्या अहमदनगर येथील छावणीत ठेवण्यात आले. माँटेसरी यांच्यावर अड्यारचा परिसर न सोडण्याचे बंधन आले. ३१ ऑगस्टला त्यांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून मुलाला मुक्त करत असल्याचे तीत कळवले होते. तारेत मारियोचा उल्लेख त्यांचा मुलगा असा होता. बेचाळीस वर्षे जो शब्द चारचौघांत उच्चारता आला नव्हता, तो एका परक्या सरकारच्या तारेने उच्चारला.

१९४२ ते १९४४ ही दोन वर्षे त्यांनी कोडाईकनाल या थंड हवेच्या डोंगरगावी काढली. भोवती रान, झरे, किडे, पक्षी. आणि निरनिराळ्या वयांची मुले. तोवर त्यांच्या पद्धतीत विज्ञान विखुरलेले होते, येथे त्याला एक सूत्र मिळाले. सहा वर्षांनंतरचे मूल केवळ काय असे विचारत नाही, का आणि कसे असे विचारते, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून या वयाच्या मुलाला सुटे सुटे धडे न देता आधी सबंध विश्वाची कथा सांगावी आणि मग प्रत्येक तपशील प्रयोगाने तपासू द्यावा, असे त्यांनी मांडले. मारियो आणि श्रीलंकेच्या लेना विक्रमरत्ने यांनी या कामात त्यांना साथ दिली. या विचाराला विश्वशिक्षण असे म्हणता येईल.

या पद्धतीच्या शाळांतील प्रयोग आजही साधे असतात. एका भांड्यात काकवी, पाणी आणि तेल ओततात. थोड्या वेळाने काकवी तळाशी, पाणी मध्ये आणि तेल वर असे थर लागतात. पृथ्वीच्या जन्मकाळी जड द्रव्ये आत आणि हलकी वर का गेली असतील, या कथेशी तो थर जोडला जातो. दोन कुंड्यांपैकी एक उजेडात आणि दुसरी अंधारात ठेवून, पाणी मात्र दोघींना सारखेच देऊन, मुले रोज नोंद करतात. पृथ्वीचे वय दाखवण्यासाठी काळ्या कापडाची लांबच लांब पट्टी उलगडत नेतात आणि अगदी शेवटच्या चिंचोळ्या टोकाला मानवाचा काळ येतो. लाखो-कोटी वर्षे हा शब्दप्रयोग ज्या मुलाने पट्टीच्या कडेने चालून अनुभवला आहे, त्याला तो नुसता मोठा आकडा राहत नाही.

१९४६ मध्ये माँटेसरी युरोपात परतल्या, पुन्हा १९४७ मध्ये भारतात आल्या आणि १९४९ पर्यंत येथे त्यांचे काम चालू राहिले. ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधील नूर्डवाइक येथे त्यांचे निधन झाले. त्या एक्याऐंशी वर्षांच्या होत्या.

८. मराठी मुलखातील पडसाद आणि काही मर्यादा

माँटेसरी येथे येण्यापूर्वीच त्यांचा विचार आपल्याकडे पोहोचला होता. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. गिजुभाईंचे निधन जून १९३९ मध्ये, माँटेसरी भारतात येण्याच्या काही महिने आधीच झाले.

ताराबाईंना एक अडचण स्पष्ट दिसली. माँटेसरींची साधने सुबक असली तरी महाग होती. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. तेथे त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने, मातीची भांडी यांचीच साधने केली. मुले शाळेत येत नसतील तर शाळा अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरींचे तत्त्व घेऊन त्यांचे साहित्य बदलण्याचे धैर्य ताराबाईंनी दाखवले, आणि तत्त्व खरोखर कळले असेल तरच असे धैर्य करता येते.

चरित्राचा अभ्यास म्हणजे स्तुतिपाठ नव्हे, म्हणून मर्यादाही नोंदवू. साधने ठरलेल्या रीतीनेच वापरली पाहिजेत हा माँटेसरींचा आग्रह कडक होता आणि प्रशिक्षणाचे सूत्र त्या आपल्याच हाती ठेवत. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्येच या पद्धतीत कल्पनाशक्तीला आणि सामूहिक कृतीला वाव अपुरा असल्याची टीका केली. इटलीत १९२४ पासून त्यांनी मुसोलिनीच्या राजवटीचा आश्रय स्वीकारला. दशकभराने मतभेद विकोपाला जाऊन त्यांना देश सोडावा लागला आणि तेथील त्यांच्या शाळा बंद झाल्या. मुलाचे स्वातंत्र्य जपणाऱ्या विचाराने हुकूमशहाचे साहाय्य घ्यावे का, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात उरतोच.

९. समारोप

मित्रहो, कृतीतून शिक्षण हा शब्दप्रयोग आज आपल्याकडे रूढ झाला आहे. त्याचा अर्थ कधी कधी वर्गात वस्तू आणल्या की झाले, एवढाच घेतला जातो. माँटेसरी यांचे जीवन सांगते की एवढे पुरेसे नाही. पाण्यात हात घालून नुसते खेळणारे मूल आनंदात असते, विज्ञान शिकत असतेच असे नाही. त्याने आधी काही अपेक्षा केलेली असावी लागते, वस्तूने ती मोडावी किंवा खरी ठरवावी लागते, आणि मग त्या अनुभवाला नाव मिळावे लागते. मोठ्यांचे काम म्हणजे योग्य वस्तू समोर ठेवणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे आणि उत्तर सांगण्याचा मोह आवरणे. यांतले शेवटचे काम सर्वांत कठीण असते.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, घर सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करत आहात. काहींची मुले प्राथमिक शाळेत असतील, काहीजण स्वतः शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतील. मुलाच्या विज्ञानाच्या वहीत चुकीचे उत्तर दिसले, तर ते लाल शाईने खोडण्यापूर्वी एकदा पाण्याचे टोपले पुढे करून पाहा.

स्वयं-अध्ययनासाठी

१. परीक्षेच्या निकालातून माँटेसरी यांनी कोणता प्रश्न काढला? तो तुमच्या परिसरातील एखाद्या शाळेला लावून सुमारे दीडशे शब्दांत टिपण लिहा.

२. न सोललेले आणि सोललेले संत्रे पाण्यात टाकल्यावर काय होईल, हे घरातील मुलाला आधी विचारा, मग त्यालाच करून पाहू द्या. त्याचे आधीचे आणि नंतरचे बोलणे त्याच्याच शब्दांत नोंदवा. भाषेत कोणता बदल झाला?

३. प्राथमिक विज्ञानातील कोणतीही पाच संस्कृतनिष्ठ संज्ञा निवडा. प्रत्येक संज्ञेच्या आधी मुलाच्या हातात कोणती वस्तू द्याल ते लिहा.

४. माँटेसरी आणि ताराबाई मोडक यांच्या साधनांतील साम्य व फरक सांगा. तत्त्व न बदलता साहित्य बदलणे म्हणजे काय, हे उदाहरणाने स्पष्ट करा.